हातात एक खेळाडू, डावात अकरा: सांघिक खेळांचे व्हिडिओ गेम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की दुपारच्या वेळी मुलांना मैदानावर पाठवणे कोणत्याही घराला परवडत नाही. आमच्याकडे सुट्टीत बहिणींची मुले मामाच्या गावाला म्हणून येतात, आणि गेली काही वर्षे त्यांची दुपार टीव्हीसमोर फुटबॉलचा किंवा क्रिकेटचा गेम खेळण्यात जाते. त्यांना शिकवताना, आणि त्याआधी स्वतः शिकताना, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नवखा खेळाडू बटणांपाशी फार काळ अडत नाही, कारण बटणे दोन-तीन दिवसांत बोटांत बसतात. आपल्या हातात नसलेल्या दहा खेळाडूंकडे त्याचे लक्ष जात नाही, आणि तिथे तो महिनोन् महिने अडून राहतो. म्हणून या लेखातील पायऱ्या त्या दहा जणांकडे पाहायला शिकण्याच्या क्रमाने लावल्या आहेत. मुख्य उदाहरण फुटबॉलचे घेतले आहे, कारण सांघिक खेळाच्या गेमचे बहुतेक सगळे व्याकरण त्यात सापडते. क्रिकेट आणि इतर खेळांविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

कोणत्या गेमपासून सुरुवात करावी

फुटबॉलमध्ये दोन नावे सर्वांत जास्त ऐकू येतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीची ‘फिफा’ ही मालिका १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून ती ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने निघते. त्यामुळे दुकानदार ‘फिफा’ म्हणाला आणि डबीवर ‘एफसी’ दिसले तरी गोंधळून जाऊ नये, मालिका तीच आहे. दुसरी मालिका कोनामी या जपानी कंपनीची. जुने खेळाडू तिला आजही ‘पेस’ (‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’चे लघुरूप) म्हणतात. २०२१ मध्ये तिचे नाव ‘ईफुटबॉल’ झाले आणि ती फुकट खेळता येऊ लागली. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी ‘ईफुटबॉल’पासून सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र काचेवर बोट फिरवून खेळताना पासची दिशा आणि जोर यांवर अंगठ्याचा ताबा कमी राहतो, म्हणून शक्य असेल तर दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या कंट्रोलरवर शिकावे असे माझे मत आहे. पुढील बटणे ‘एफसी’ मालिकेतील मूळ मांडणीप्रमाणे दिली आहेत.

मालिकेचा नवाच भाग घेतला पाहिजे असेही नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या भागाची वापरलेली तबकडी स्वस्तात मिळते, आणि शिकण्यासाठी ती पुरेशी असते. पास, ऑफसाइड आणि बचाव यांचे मूळ तंत्र दरवर्षी बदलत नाही.

खेळ सुरू करण्यापूर्वी टीव्ही आणि यंत्र

हा भाग लोक सोडून देतात आणि नंतर आपल्या बोटांना दोष देतात. आजचे बहुतेक टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात, आणि त्यात बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत काही क्षण जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो सुरू केला की ही प्रक्रिया टळते आणि उशीर कमी होतो. हा उशीर किती महागात पडतो ते क्रिकेटवरून समजते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात जवळपास चार मीटर पुढे जातो, म्हणजे टीव्हीने तेवढाच उशीर केला तरी तुम्ही ज्या चेंडूवर बॅट फिरवता तो तोवर खेळपट्टीचा पाचवा हिस्सा ओलांडून गेलेला असतो.

दुसरी बाब उष्णतेची, आणि आपल्याकडे ती विशेष महत्त्वाची आहे. प्लेस्टेशन या गेमच्या यंत्रासाठी (कन्सोलसाठी) सोनी कंपनीने सांगितलेले वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. खानदेशातील उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी तापमान याच्या वरच असते. त्यामुळे यंत्र टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नये, त्याच्या चारही बाजूंना वितभर जागा मोकळी सोडावी, कूलरच्या थेट दमट झोतासमोर ते मांडू नये, आणि भर दुपारी तासाभरानंतर ते बंद करून थंड होऊ द्यावे. आमच्या घरी खेळण्याची वेळ सकाळी आणि दिवेलागणीनंतर अशी विभागल्यापासून यंत्राच्या पंख्याचा घोंघाट बराच कमी झाला. वीज जाण्याचा प्रश्न उरतोच. खेळाची नोंद साठवली जात असताना वीज गेली तर ती नोंद खराब होऊ शकते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या जोडणीवर चालवावे.

पहिली पायरी: गेमची मांडणी सोपी करून घेणे

पहिल्या दिवशी इंटरनेटवरच्या अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी खेळू नये. ‘किक ऑफ’ हा साधा सामना निवडावा, काठिण्यपातळी सर्वांत खालची, म्हणजे ‘बिगिनर’ ठेवावी, आणि अर्ध्या डावाची वेळ पाच-सहा मिनिटे ठेवावी. पडद्यावरचे घड्याळ ४५ मिनिटेच दाखवते, फक्त ते वेगाने धावते.

त्यानंतर कॅमेरा बदलावा. मैदानाचा जास्तीत जास्त भाग दिसेल इतका तो दूर आणि उंच न्यावा. खेळाडू लहान दिसू लागतात आणि मुलांना ते सुरुवातीला आवडत नाही, पण जो सहकारी पडद्यावर दिसतच नाही त्याला पास देणार कसा? पडद्याच्या तळाशी मैदानाचा लहानसा नकाशा असतो, त्याला रडार म्हणतात. त्यावरील ठिपके म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू. तो बंद करू नये. दर काही सेकंदांनी त्याच्यावर नजर टाकण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्यावी.

संघ एकच निवडून महिनाभर तोच ठेवावा. दर सामन्याला नवा संघ घेणारा मुलगा खेळाडूंची नावे शिकतो, पण त्यांच्या सवयी शिकत नाही. कोण डाव्या पायाचा आहे, कोण वेगवान आहे, कोणाचे हेडर चांगले आहे हे कळायला वेळ द्यावा लागतो. ‘फिफा २२’मध्ये इंडियन सुपर लीगचे संघही आले, त्यामुळे मुंबईचा संघ घेऊन खेळण्याची हौस भागवता येते. पण त्या खेळाडूंचे गुणांकन युरोपातील मोठ्या संघांपेक्षा बरेच कमी असल्याने त्यांचे पास आणि चेंडूवरील ताबा नवख्याची परीक्षा पाहतात. शिकून झाल्यावर तो संघ घ्यावा.

दुसरी पायरी: एकाच बटणाने खेळणे

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर उजव्या हाताला चार खुणा असतात. चेंडू आपल्याकडे असताना फुली म्हणजे जमिनीवरून पास, वर्तुळ म्हणजे गोलवर फटका, चौकोन म्हणजे उंच पास किंवा क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू), आणि त्रिकोण म्हणजे सहकाऱ्याच्या पुढील मोकळ्या जागेत टाकलेला ‘थ्रू’ पास. एक्सबॉक्सवर त्याच जागी अनुक्रमे ए, बी, एक्स आणि वाय ही अक्षरे असतात. ‘ईफुटबॉल’मध्ये मात्र फटका चौकोनावर आणि उंच पास वर्तुळावर असतो, एका गेमवरून दुसऱ्यावर जाणारा माणूस गोलसमोर पोहोचून चेंडू आकाशात भिरकावतो तो याच कारणाने. डाव्या स्टिकने (अंगठ्याने फिरवायच्या दांडीने) खेळाडू हलतो आणि पासची दिशाही तिच्याच रोखाने ठरते.

आता पहिले तीन सामने फक्त डावी स्टिक आणि फुली वापरून खेळावेत. फटका मारू नये, धाव घेण्याचे ‘आर २’ हे कंट्रोलरच्या पुढच्या कडेवरचे उजवे बटण दाबू नये. हे कंटाळवाणे वाटेल, तरीही करावे. उद्दिष्ट इतकेच की चेंडू आपल्या संघाकडे सलग दहा पास टिकला पाहिजे. असे करताना तीन गोष्टी आपोआप समजतात. बटण किती वेळ दाबले त्यावर पासचा जोर ठरतो. पास देण्यापूर्वी खेळाडूचे तोंड त्या दिशेला वळवले नाही तर पास कमकुवत जातो. आणि पुढे वाट बंद असेल तेव्हा चेंडू मागे देणे हीसुद्धा चाल असते; चेंडू मागे गेला की प्रतिस्पर्धी पुढे सरकतो आणि त्याच्या पाठीमागे जागा उघडते.

‘आर २’विषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण नवख्यांच्या बहुतेक चुका त्या एका बटणातून निघतात. ते दाबून धरले की खेळाडू वेगाने पळतो, परंतु प्रत्येक पावलाला चेंडू त्याच्या पायापासून लांब पडतो, त्याला चटकन वळता येत नाही आणि त्याची दमछाक होते. समोर खरोखर मोकळे मैदान असेल तेव्हाच ते दाबावे आणि बचावपटू जवळ येताच सोडावे. आमच्या घरी दोन भाऊ एकाच संघात खेळत असले की धाकटा चेंडू घेऊन एकटाच पळत सुटतो, आणि थोरला दर मिनिटाला ओरडतो, “भो, इतला पयू नको, पास दे!” संपूर्ण मार्गदर्शनाचा अर्धा भाग या अहिराणी वाक्यात आला आहे.

तिसरी पायरी: मोकळी जागा आणि ऑफसाइड

पास जमू लागले की त्रिकोणाकडे वळावे. थ्रू पास माणसाच्या पुढच्या जागेत द्यायचा असतो, म्हणून तो देताना चेंडूवाल्याकडे न पाहता पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहावे लागते. येथे ऑफसाइडचा नियम आडवा येतो. क्रिकेटवर वाढलेल्या मुलांना तो अवघड वाटतो, पण त्याचा गाभा साधा आहे: पास दिला जाण्याच्या क्षणी ज्याच्याकडे चेंडू जाणार तो खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि चेंडू व प्रतिस्पर्ध्याचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड. शेवटून पहिला बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूच्या रेषेकडे लक्ष ठेवावे लागते. चेंडू त्याच्यापर्यंत केव्हा पोहोचला याला महत्त्व नाही, तो पायातून केव्हा सुटला याला आहे. म्हणून सहकारी बचावपटूच्या रेषेत असतानाच त्रिकोण दाबावा. तो रेषा ओलांडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही, ही सवलत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच कडेवर डाव्या हाताला असलेले ‘एल १’ टिचकीसारखे दाबले तर जवळचा सहकारी स्वतःहून पुढे धाव घेतो. हातात नसलेल्या खेळाडूला काम सांगण्याचा हा पहिला मार्ग आहे, आणि तो कळला की खेळाचा रंग बदलतो.

फटक्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वर्तुळ दाबून धरले की जोराची पट्टी भरते. पेनल्टी क्षेत्राच्या आतून साधारण अर्धी पट्टी पुरते, त्याहून जास्त भरली तर चेंडू आडव्या खांबावरून जाण्याची भीती असते. फटका मारताना स्टिक गोलच्या दूरच्या कोपऱ्याकडे असावी. खेळाडू पूर्ण वेगात किंवा तोल गेलेला असताना फटका मारू नये.

चौथी पायरी: बचाव

नवख्याला सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा लागतो, आणि मला स्वतःला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की बटणांचे अर्थ बदलतात. वर्तुळाने चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न होतो, चौकोनाने घसरून पकड केली जाते (घसरत जाऊन पायाने चेंडू काढला जातो), त्रिकोणाने गोलरक्षक पुढे धावतो, आणि ‘एल १’ने आपल्या हातातील खेळाडू बदलतो. ‘एल २’ दाबून धरले की बचावपटू चेंडूकडे तोंड ठेवून, गुडघे वाकवून, आडव्या पावलांनी सरकतो.

शाळेत कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच समजेल. साखळीतला एक गडी घाईने पुढे गेला की चढाई करणारा त्याने सोडलेल्या जागेतून गुण घेऊन निसटतो. म्हणून चांगला कोपरारक्षक झेप घेण्याची घाई करत नाही, तो चढाईपटूची वाट अरुंद करत नेतो आणि साखळी टिकवून ठेवतो. फुटबॉलच्या गेममध्ये मधले दोन बचावपटू म्हणजे ही साखळी. नवखा खेळाडू चेंडूच्या सर्वांत जवळचा म्हणून नेमक्या त्यांच्यापैकी एकाला हातात घेतो, त्याला धावत पुढे नेतो, आणि एका साध्या पासने त्याच्या पाठीमागचे सगळे मैदान उघडे पडते.

म्हणून क्रम असा ठेवावा. चेंडू गेला की प्रथम ‘एल १’ने मधल्या फळीतील खेळाडू हातात घ्यावा. त्याला थेट चेंडूवर न नेता, चेंडू आणि आपला गोल यांच्यामध्ये आणावा. तेथून ‘एल २’ दाबून दोन पावलांचे अंतर राखत मागे सरकावे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पायापासून लांब पडला, किंवा त्याने पाठ फिरवली, त्याच क्षणी वर्तुळ दाबावे. चौकोनाची घसरती पकड पहिल्या महिन्यात वापरूच नये असा नियम मी आमच्या मुलांना घालून दिला आहे; ती चुकली तर आपला खेळाडू जमिनीवर पडून राहतो, आणि पेनल्टी क्षेत्रात चुकली तर पेनल्टी बसते. मदत हवी असल्यास ‘आर १’ दाबून धरावे, म्हणजे दुसरा सहकारी चेंडूवाल्यावर दबाव आणतो. मात्र तोही आपली जागा सोडूनच येतो, हे विसरू नये.

खेळाडू बदलण्याचा सराव वेगळा करावा. उजवी स्टिक ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेचा खेळाडू हातात येतो, आणि हे तंत्र ‘एल १’पेक्षा अचूक आहे. पास सुटताच, तो ज्याच्याकडे चालला आहे त्याच्या जवळचा आपला माणूस हातात आला पाहिजे. चेंडू पोहोचल्यावर बदलणाऱ्याला नेहमी उशीर होतो.

पाचवी पायरी: रचना आणि बदली खेळाडू

रचनेचे आकडे मागून पुढे वाचतात आणि त्यांत गोलरक्षक मोजत नाहीत. ४-४-२ म्हणजे चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीवीर. ही रचना नवख्याला सोयीची, कारण खेळाडू सरळ ओळींत उभे असतात आणि न पाहताही कोण कोठे असेल याचा अंदाज येतो. ४-३-३ मध्ये कडेने धावणारे दोघे मिळतात, पण मध्य विरळ होतो. ४-२-३-१ मध्ये बचावापुढे दोघे थांबत असल्याने घाईघाईने पुढे जाणाऱ्याच्या चुका झाकल्या जातात. एक रचना किमान पंधरा सामने ठेवावी.

साठाव्या मिनिटाच्या सुमारास खेळ थांबवून दमलेले खेळाडू पाहावेत. पहिल्या अर्ध्यात ज्याला सर्वांत जास्त पळवले त्याची दमाची पट्टी सर्वांत रिकामी असते, आणि तो बहुधा कडेचा खेळाडू असतो.

क्रिकेट आणि इतर खेळ

क्रिकेटच्या गेममध्ये ऑस्ट्रेलियातील बिग अँट स्टुडिओजचा ‘क्रिकेट २४’ यंत्रावर आणि संगणकावर चालतो, तर मोबाइलवर चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह कंपनीचा ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ आपल्याकडे परिचित आहे. येथे क्षेत्ररक्षक बहुतांशी आपोआप धावतात, त्यामुळे सांघिक विचार चेंडू पडण्यापूर्वीच करावा लागतो. गोलंदाजी करताना आधी क्षेत्ररचना ठरवावी आणि मग तिला साजेसा टप्पा टाकावा; ऑफ साइडला सहा माणसे लावून पायांवर चेंडू टाकला तर ती रचना व्यर्थ जाते. फलंदाजी करताना प्रत्येक चेंडूपूर्वी क्षेत्ररक्षणाचा नकाशा पाहून मोकळी जागा हेरावी आणि पहिली दोन षटके उंच फटका टाळून केवळ वेळ साधण्याचा सराव करावा. धाव घेताना दुसऱ्या टोकाचा फलंदाज कोठवर आला आहे ते पाहिल्याशिवाय परत बोलावू नये. नवख्यांचे निम्मे बळी धावबाद असतात, असे आमच्या घरचा अनुभव सांगतो.

बास्केटबॉलच्या ‘एनबीए २के’मध्ये पाचच खेळाडू असतात आणि २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकावा लागतो, तेथे ‘एल १’ दाबून धरून सहकाऱ्याला बचावपटूच्या वाटेत उभे करणे हे पहिले शिकावे. मोटारींनी फुटबॉल खेळण्याचा ‘रॉकेट लीग’ २०१५ मध्ये आला आणि २०२० पासून तो फुकट आहे. तीन-तीन जणांच्या संघात तिघेही चेंडूवर धावतात ही त्यातली नेहमीची चूक. एकाने कायम मागे राहावे आणि पुढचा परतला की जागा बदलावी.

पैशांविषयी सावधगिरी

बऱ्याच गेममध्ये खेळाडूंची बंद पाकिटे पैसे देऊन घेण्याची सोय असते आणि आत कोण निघेल हे आधी कळत नाही. बेल्जियममध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवण्यात आल्यानंतर तेथे २०१९ मध्ये ‘फिफा’साठीच्या आभासी नाण्यांची विक्री थांबवण्यात आली. शिकण्यासाठी त्यांची काहीही गरज नाही. मुलांच्या हाती असलेल्या खात्याला घरातले यूपीआय किंवा कार्ड जोडू नये. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम भारतात २०२५ च्या कायद्याने बंद केले आहेत, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले आहे. त्यामुळे ‘सामना जिंका, रक्कम दुप्पट करा’ असे निमंत्रण आले तर ते खेळाचे निमंत्रण समजू नये.

पुढचा सराव

इंटरनेटवर जाण्यापूर्वी एक टप्पा अवश्य घ्यावा: दोघांनी एकाच संघात राहून संगणकाविरुद्ध खेळावे. संघनिवडीच्या पडद्यावर दोन्ही कंट्रोलर एकाच बाजूला सरकवले की झाले. यात अर्धा वेळ चेंडू तुमच्याकडे नसतो, आणि त्या वेळात कोठे जाऊन उभे राहायचे हा प्रश्न प्रथमच तुमच्यापुढे येतो. काठिण्यपातळी एकेक करून वाढवावी. एका पातळीवर सलग पाचपैकी तीन सामने जिंकले की पुढची घ्यावी.

आणि गोल खाल्ला की रागाने बटण दाबून पुनर्दृश्य उडवून लावू नये. खेळ थांबवून रिप्ले उघडावा, तो गोलच्या दहा सेकंद आधीपर्यंत मागे न्यावा, आणि चेंडूवरून नजर काढून आपले मधले दोन बचावपटू त्या वेळी कोठे होते ते पाहावे. त्यांच्यापैकी जागा सोडून गेलेला कोण आणि त्याला तेथे कोणी नेले, हे दिसले की पुढच्या सामन्यात नेमके कोणते बटण उशिरा दाबायचे ते कळते.